गाभोळीची मोजदाद

१८ फेब्रुवारी, बुधवार

आज राखेचा बुधवार. चर्चमध्ये लावलेली कपाळावरची राख पुसायच्या आत अकराही घरांनी आपापल्या मातापी पाण्याबाहेर काढल्या. वेताच्या त्या लांबोळक्या सापळ्यांचा ढीग प्रार्थनाघरामागच्या पडवीत छपराला टेकला. आजपासून आमचा ओहोळ बंद. सेंट पीटरच्या सणापर्यंत, म्हणजे २९ जूनपर्यंत, कोळंबी कोणी धरायची नाही. तीन वर्षं मी घसा कोरडा करत होते की गाभोळीच्या माद्या खाल तर पुढच्या साली चिखल खावा लागेल. शेवटी ऐकलं.

बेनूकाकांनी मातापी काढल्या, पण पटलं नाही. ओहोळाच्या तोंडाशी, मोठ्या नदीवर त्यांचं घर. सत्तरी ओलांडली, तोंडात दात नाही, पण जीभ दोन माणसांची.

“लिंदाल्वा, चार महिने पोराबाळांना काय घालायचं? तुझी भाषणं?”

“माझी भाषणं चावायला कडक आहेत काका, तुम्हाला झेपायची नाहीत.”

सगळे हसले. तेही हसले, आणि मग म्हणाले, “सणाच्या दिवशी मातापी रिकाम्या निघाल्या तर मी सगळ्यांसमोर तुलाच विचारीन. हसण्यावारी नेऊ नकोस.”

नेणार नाही. माझ्या शब्दावर अकरा घरांनी ताटातला घास बाजूला सारलाय, हे मला कोणी सांगायला नको.

२१ फेब्रुवारी, शनिवार

धक्क्याखाली पेटी बांधली. चारी बाजूंनी वेताच्या पट्ट्या, माशाचं तोंड आत शिरणार नाही पण पिल्लं बाहेर निसटतील इतपत फट. गाभोळीची एकेक मादी हाताजाळीने उचलून आत सोडली. चौसष्ट झाल्या. पोटाखाली हिरवीगार अंडी, घट्ट, चमकदार. साधारण पंधरा दिवसांत ती करडी होतात, मग त्यांत काळे टिपके दिसतात, ते डोळे. मग पिल्लं सुटली की मादी मोकळी, तिच्या जागी दुसरी. सणापर्यंत अशा सात-आठ फेऱ्या झाल्या की ओहोळ भरून जाईल.

दर शनिवारी माद्या मोजायच्या आणि वहीत लिहायचं, असं बेलें शहरातल्या मारीलियाबाईने बजावलंय. ती कोळंबीवरच शिकलेली आहे, सणाला येऊन वही बघणार. ती वही तिची. ही दुसरी माझी. चाळिसाव्या वर्षी सिस्टरांच्या वर्गात अक्षरं गिरवली ती काय फक्त माद्या मोजायला?

मोजायला पसरट भांडं हवं होतं. एदिवानने एक निळा डबा मधोमध आडवा कापला, काठ दगडावर घासून गुळगुळीत केले आणि दिला. टब कसला सुरेख झालाय. निळ्यावर हिरवी अंडी लख्ख दिसतात.

“कसला रे डबा?”

“साबणाचा. पलीकडच्या कारखान्याच्या मुकादमाने दिला.”

वरचा कागदही त्याने खरवडून काढला होता. माझा मुलगा बापावर गेला नाही. बाप असता तर अर्धा कागद तसाच लोंबत ठेवला असता.

माझी सून, नाव तिचं जासिलेने, पेटीच्या झाकणावर पाय सोडून बसली होती. चौथा लागलाय. म्हणते, “सासूबाई, चौसष्ट बाळंतिणी एकीकडे आणि मी एकटी एकीकडे. माझं कोण बघणार?”

“तुला काय, तू स्वतःच ओरडून सांगतेस. त्या बिचाऱ्या मुक्या.”

२८ फेब्रुवारी, शनिवार

बासष्ट. दोन मेल्या. त्या धरतानाच दुखावल्या असतील.

एदिवानने असाईचं रान, म्हणजे ज्यांच्या फळांवर आमचं घर चालतं ते ताड, एकट्याने साफ केलं. तीन दिवसांत! दरवर्षी इर्जिक घालावी लागते, नऊ-दहा गडी कोयते घेऊन आठवडाभर वाकतात आणि मला त्यांच्यासाठी डुकराची हंडी चढवावी लागते. यंदा काहीच नाही. दोरोतेया विचारायला आली, “काय गं, हंडी कधी? आमचे हे कोयत्याला धार लावून बसलेत.” तिला रान दाखवलं. गवत, वेली, झुडपं, सगळं पिवळं पडून आडवं झालंय. असाईची झाडं तेवढी उभी.

“कोयत्याचा घाव कुठे दिसत नाही,” ती म्हणाली.

“मुळापासून काढलंय,” मी म्हटलं. एदिवानने मला तसंच सांगितलं होतं. दोरोतेया माझी जिवाची मैत्रीण, पण तिचं तोंड बघून मला बरं वाटलं हे कबूल करते.

७ मार्च, शनिवार

त्रेपन्न. अंडी करडी व्हायला हवी होती. काहींची झाली. काहींची पांढुरकी आहेत, शिजलेल्या भातासारखी.

१४ मार्च, शनिवार

एकतीस. बऱ्याच जणींची गाभोळी गळून गेलीय. डोळे फुटायच्या आत. टबात सोडल्या की शेपटी झटकतात, पायांनी आपलीच अंडी खरवडतात. मी असं कधी पाहिलं नाही. माझी आई कोळंबी धरायची, तिची आई धरायची. असं कोणी सांगितलेलंही ऐकलं नाही.

मारीलियाच्या वहीत अठ्ठेचाळीस लिहिलं. पुढच्या फेरीत भरून निघेल, मग कशाला आत्तापासून बोभाटा.

२२ मार्च, रविवार

उधाणाचं पाणी काल रानात शिरलं, गुडघाभर. उतरताना पिवळं झालेलं सगळं गवत ओढत आमच्या धक्क्याजवळून गेलं. पेटीच्या फटींत अडकलेला गाळ काढता काढता नाकी नऊ आले.

नव्या माद्या मिळेनात. एरवी ह्या पावसाच्या महिन्यांत दर तिसरी मादी गाभोळीची. आज दुपारभर जाळी फिरवली, वीसेक हाताला आल्या, गाभोळीच्या चार. बाकीच्यांची पाठ बघितली. गाभोळी धरायच्या आधी पाठीच्या कवचाखाली हिरवी रेघ दिसते. ती नाही. जणू यंदा त्यांना माद्या असल्याचा विसर पडलाय.

जासिलेनेच्या हातांना पुरळ आलंय. एदिवानचे कपडे धुतले की वाढतं म्हणे. आणि त्याच्या सदऱ्याला औषधाचा वास येतो म्हणून ती दोन वेळा ओकली. पोटुशीच्या नाकाचं काय घेऊन बसलात, मला एदिवानच्या वेळी पाद्रीबाबांचा वास सहन व्हायचा नाही.

५ एप्रिल, ईस्टर

प्रार्थनेनंतर बेनूकाका मुद्दाम माझ्याजवळ आले. “काय, बाळंतिणी कशा आहेत?”

“मजेत.”

“मारीलियाबाईला कळव हो. आमच्याकडे आज ईस्टरला केळं उकडून खाल्लं. त्या मजेत आहेत हे कळलं की केळं गोड लागेल.”

मी हसले. घरी येऊन पेटी उघडली. नऊ.

वहीत चाळीस लिहिलं.

११ एप्रिल, शनिवार

आता शनिवारची वाट बघवत नाही. रोज मोजते. सकाळी टबात घेते, पाणी ओतते, एकेक उलटी करून बघते, पुन्हा पेटीत सोडते. दुपारी परत. ताडबियांच्या कोंड्याच्या पुरचुंड्या बांधून खायला घालते, माझ्या ताटातलं पीठही टाकते. जितकी काळजी घ्यावी तितक्या ह्या खंगतात. देवा, माझं काय चुकतंय ते तरी सांग.

१८ एप्रिल, शनिवार

दोरोतेयाने आज स्पष्ट विचारलं. माझ्याच मनात होतं, पण तोंडावर आणायची हिंमत नव्हती.

“लिंदाल्वा, पनेमा तर लागला नाही ना? पोटुशी बाई पेटी ओलांडत असेल.”

पनेमा म्हणजे पनेमा. जाळ्याला लागला की मासा येत नाही, शिकाऱ्याला लागला की हरीण समोर उभं राहून दिसत नाही. पोटुशी बाईने सापळा ओलांडला, किंवा त्या सापळ्यातलं पहिलं खाल्लं, की लागतो. मारीलिया याला हसेल. मारीलिया इथे राहत नाही.

आणि जासिलेने तर पहिल्या दिवसापासून पेटीवर बसतेय! मीच बसू दिलं. मीच हसले.

२० एप्रिल, सोमवार

सुक्या मिरच्या, लसणीची सालं आणि म्हशीचं शेण जाळून पेटीला धुरी दिली. टबालाही दिली. डोळ्यांतून पाणी काढलं धुराने, म्हणजे माझ्या. जासिलेनेला धक्क्यावर यायची बंदी केली.

“मग भांडी कुठे घासू?”

“घरात. पाणी एदिवान आणून देईल.”

“एदिवान!” ती हसली. “तो त्याची पाठीवरची टाकी धक्क्यावर धुतो, ते चालतं. मी ताटली धुतली की पनेमा!”

“तो पुरुष आहे.”

“हो ना. त्यालाही पोट सुटलंय, जरा बघा.”

तोंडाळ आहे. पण ह्या वेळी मला हसू आलं नाही.

९ मे, शनिवार

आज जे केलं ते लिहून ठेवते, नंतर मी वेगळं सांगत बसायला नको.

पेटीत सात होत्या. सातही रिकाम्या, पोटाखाली एक दाणा नाही. मी वर आले तर जासिलेने धक्क्याच्या पायरीवर, पाय पाण्यात. सुजले होते, गार वाटावं म्हणून. माझ्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे. मी ओरडले. अकरा घरं उपाशी आहेत तुझ्यापायी, म्हटलं. तुझ्या पोटातल्याने माझ्या ओहोळातली सगळी पोटं खाल्ली, असं म्हटलं. हे शब्द माझ्या तोंडातून आले.

तिने पाय बाहेर काढले. पुसले. म्हणाली, “मी आईकडे जाते.”

एदिवान मान खाली घालून उभा. बायकोची बाजू घेईल असं वाटलं होतं. दुपारच्या ओहोटीला तिला होडीतून माहेरी सोडून आला. तिची आई दोन वळणं पलीकडे, दुसऱ्या ओहोळावर राहते. गाठोडं एवढंसं होतं.

दोरोतेयाला मी सांगितलं की पनेमा घराबाहेर काढला. तिने संध्याकाळपर्यंत अकराही घरांत पोहोचवलं असणार. मला तेच हवं होतं. लोकांना कोणीतरी दाखवायला हवं होतं.

२३ मे, शनिवार

वरच्या अंगाला जाऊन मोठ्या कष्टाने अकरा गाभोळीच्या आणल्या. चार दिवसांत आठांची गळली.

जासिलेने जाऊन दोन आठवडे झाले.

मग आता कोण?

एदिवानने रानात पुन्हा हात फिरवला, नवं गवत वर आलं होतं म्हणून. घरात दोघंच. मी म्हटलं, “बायकोला बघून ये.” म्हणाला, “तिला आणू नका इतक्यात.” मी म्हटलं, का? म्हणाला, “तिथेच बरी आहे.”

६ जून, शनिवार

बेनूकाकांनी माझं हसं केलं. नाही, हसं नाही. मला नीट लिहू दे.

काल मोठ्या नदीवर पीठ आणायला गेले तर त्यांनी हाक मारली. घरामागे एक फुटकी होडी अर्धी बुडालेली, त्यात पालापाचोळा. “बघ, तुझी थट्टा करायची म्हणून मार्चपासून मीही पाळल्या. तुझं बघून.” मी वाकून बघितलं. कोळंबी. माद्या. पोटाखाली अंडी, करडी, आणि त्यांत काळे टिपके. डोळे! पंचवीस तरी असतील. तीन फेऱ्या सुटून गेल्या म्हणे.

“तुझ्या पेटीला झाकण आहे, खाऊ आहे, वही आहे,” काका म्हणाले. “माझ्या इथे काहीच नाही. मग माझ्या का जगतात गं?”

पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं. मी त्यांच्या होडीशेजारी चिखलात बसून रडले. म्हाताऱ्याने घाबरून मला कॉफी दिली.

निघताना वीस माद्या मागितल्या. कसलीही कुरकुर न करता दिल्या, आणि वर त्यांच्या नदीचे दोन घडे पाणी.

८ जून, सोमवार

मी ठरवलंय. पनेमा घराला लागला असेल तर ह्या वीसही नासतील. दहा निळ्या टबात ठेवल्यात, दहा भाताच्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात, ओसरीवर शेजारी शेजारी. पाणी एकच, काकांचं. कोंडाही एकच. जासिलेने इथे नाही. मी स्वतः कपडे बदलून, हात राखेने धुऊन बसते.

११ जून, गुरुवार

पातेल्यात दहाच्या दहा. गाभोळी घट्ट.

टबात तळाला अंडी पडलीत. दोन मेल्या, सहांची पोटं रिकामी.

पनेमा घराला लागतो, माणसाला लागतो. भांड्याला वेगळा आणि शेजारच्या भांड्याला वेगळा असा लागत नाही. हे मला सिस्टरांनी शिकवायची गरज नाही.

मी टब उचलला आणि नाकाला लावला. चार महिने हातात होता, कधी वास घेतला नव्हता. कापलेल्या काठाच्या घडीत काहीतरी चिकट साचलेलं होतं. जासिलेने म्हणायची तोच वास.

१२ जून, शुक्रवार

एदिवानला समोर बसवलं. टब मध्ये ठेवला.

“कसला डबा?”

“सांगितलं ना, साबणाचा.”

“मग पी ह्यातून.”

मी ओहोळाचं पाणी त्यात ओतलं आणि पुढे सरकवलं. माझा एकुलता एक मुलगा त्या पाण्याकडे बघत राहिला. मग बोलला.

गवत मारायचं औषध. मुकादमाने शिकवलं. टाकी पाठीवर घ्यायची, फवारायचं, आठवड्यात सगळं पिवळं. आपली असाई बिनविषारी म्हणून फळं खरेदी करणारा संघ घेतो, औषध कळलं तर घेणार नाही, म्हणून कागद खरवडला. फेब्रुवारीत एकदा, एप्रिलमध्ये एकदा, मेमध्ये एकदा. टाकी आमच्याच धक्क्यावर धुतली, पेटीच्या वरच्या अंगाला. आणि उधाणाने रान धुऊन नेलं ते वेगळंच.

“मला वाटलं फक्त गवतालाच लागतं,” म्हणाला. “झाडं मेली नाहीत, मासे मेले नाहीत. कोळंबीसुद्धा मेली नाही आई, बघ ना, जिवंतच होती.”

जिवंतच होती. फक्त तिच्या पोटी काही टिकत नव्हतं.

“मग जासिलेनेला मी हाकललं तेव्हा का नाही बोललास?”

“ती जाईल तेवढं बरं वाटलं. तिच्या हातांचं बघून भीती वाटायला लागली होती.”

म्हणजे त्याला कळत होतं. आणि मी माझ्या सुनेला जे बोलले ते त्याने उभं राहून ऐकलं. मी त्याला मारलं. बत्तीस वर्षांच्या माणसाला, उलट्या हाताने. मग दोघंही रडलो.

म्हणतो, “झाकली मूठ राहू दे, आई. सणाला सांग, नदीचं पाणी खराब झालं. संघाला कळलं तर असाई जाईल, बाळ येतंय.”

२० जून, शनिवार

टब तोडायला हात उचलत नाही. पुरला तर मातीत उतरेल, जाळला तर धूर. घरामागे उलटा घालून ठेवलाय, वर दगड.

मी काय काय मोजलं! रोज दोनदा. माझ्याच हाताने, काळजीने, एकेकीला त्यात बुडवून. एदिवानने ओहोळ नासवला, खरं आहे. पण पेटीतल्या माद्या मी नासवल्या. आपलेच दात, आपलेच ओठ.

गप्प बसावं असं रोज सकाळी वाटतं. नदीवर ढकलावं, पलीकडच्या कारखान्यावर ढकलावं. लोक ऐकतील. आणि जासिलेने? तिच्यावर तर आधीच ढकललेलं आहे, वेगळे कष्ट नकोत. जन्माला येणारं पोर ह्या ओहोळावर पनेमाचं पोर म्हणून वाढेल. हे माझं काम.

२८ जून, रविवार

रिवाजाप्रमाणे दुपारच्या ओहोटीला सगळ्यांनी मातापी लावल्या. पोरं नाचत होती. बायकांनी लिंबं आणि मिरच्या काढून ठेवल्यात. दोरोतेयाने मला मिठी मारली, “तू केलंस हे.” मला तिथेच मरण यावं असं वाटलं.

२९ जून, सेंट पीटर

सकाळी अकरा घरांच्या दीडशेवर मातापी वर काढल्या. सगळ्यांची मिळून दोन टोपल्या. पोकळ, बारकी, नर जास्त. गाभोळीच्या सहा, त्याही ओहोळाच्या तोंडाशी, काकांच्या मातापीत. वरच्या अंगाला एकही नाही. एका पोरीने रिकामी मातापी कानाशी हलवून बघितली.

प्रार्थनाघरात सगळे जमले. मारीलियाबाई पुढच्या बाकावर, मांडीवर माझी वही. पाने उलटत होती आणि तिला काही कळत नव्हतं. वहीत सगळं भरलेलं, टोपल्या रिकाम्या.

बेनूकाका उठायच्या आत मी उठले. बोलले ते असं, जसंच्या तसं:

“वहीतले आकडे खोटे आहेत. मी लिहिलेत. माझ्या सुनेवर मी पनेमाचा आळ घेतला, तोही खोटा. माझ्या मुलाने रानात गवत मारायचं विष फवारलं आणि त्याच्या डब्यात मी माद्या मोजल्या. तुमचे चार महिने आमच्या घराने खाल्ले.”

एदिवान दारात उभा होता. गेला नाही, उभा राहिला. तेवढं त्याच्या बाजूने लिहिते.

मला वाटलं होतं दगड येतील. शिव्या येतील. मी तयारी करून गेले होते. पण बाकांवर सगळे आपल्या पायांकडे बघत बसले. मग दोरोतेयाचा नवरा व्हाल्मीर, कोयत्याला धार लावून बसलेला, तो म्हणाला, “डबा आमच्याकडेही आहे.”

दोरोतेया त्याच्याकडे बघतच राहिली. “कधीपासून?”

“मार्चपासून. एदिवानचं रान बघून.”

मग मागच्या बाकावरून एकाचा हात वर गेला. मग आणखी एकाचा. कोणी सांगितलं नव्हतं हात वर करा म्हणून. मारीलियाने मोजले असतील, मीही मोजले. सवयच लागलीय. अकरा घरांतली सात. तिघांनी एदिवानकडून घेतला, बाकीच्यांनी थेट मुकादमाकडून, गेल्या वर्षीपासून. प्रत्येकाने कागद खरवडलेला. प्रत्येकाने शेजाऱ्याला मुळापासून काढलंय म्हणून सांगितलेलं. एकीने पीठ ठेवायला वापरलाय. एकीने पोरांच्या आंघोळीला.

काका उठले. सगळ्यांसमोर विचारीन म्हणाले होते. “आता कोणाकोणाला विचारू?” एवढंच म्हणून बसले.

मारीलिया म्हणाली, पाणी आणि माती तपासायला नेते. फवारणी थांबवली तर कोळंबी परत येऊ शकेल, पण कधी ते तिला सांगता येणार नाही. एक पाऊस, दोन पाऊस. ती पोरगी रडवेली झाली होती. सात डबे प्रार्थनाघराच्या पडवीत आणून ठेवायचं ठरलं. रिकाम्या मातापींशेजारी. फवारणार नाही असं सातही जणांनी सेंट पीटरपुढे हात ठेवून सांगितलं. मी विश्वास ठेवायचा प्रयत्न करतेय.

२ जुलै, गुरुवार

जासिलेनेच्या माहेरी गेले. एकटीच वल्हवत. वाटेत काय बोलायचं ते पाठ केलं होतं.

ती ओसरीवर बसली होती, पोट गुडघ्यांपर्यंत. हात बघितले. पुरळ गेलंय, कातडी नवी आलीय. तिची आई मला बघून आत निघून गेली, बस म्हणाली नाही. बरोबरच आहे.

मी पाठ केलेलं सगळं विसरले. “चुकले,” म्हटलं. “तुझ्यात काही नव्हतं. जे होतं ते माझ्या घरात होतं. सगळ्यांसमोर तसं सांगितलंय.”

“कळलं. इथे सगळ्यांना कळलं.”

“मग चल. पाळणा एदिवानने केलाय. मी सुईणीला सांगून ठेवलंय.”

ती ओहोळाकडे बघत राहिली. मला वाटलं राग काढतेय, काढू दे, तिचा हक्क आहे. पण तिच्या तोंडावर राग नव्हताच. मला राग परवडला असता.

“सासूबाई, तुमच्यावर माझा राग होता, तो गेला. खरंच गेला. पण मी येणार नाही. त्याच्यामुळे नाही, तुमच्यामुळे नाही, त्या पाण्यामुळे. बाळ इथेच होईल.”

“अगं, पण आता कोणी फवारत नाही.”

“कोळंबी किती दिवसांत परत येईल म्हणाली ती शहरातली बाई?”

“माहीत नाही म्हणाली.”

“मग तिला बाळाचं कसं माहीत असेल? ती येईल तेव्हा मी येईन. कोळंबी म्हणतेय मी. गाभोळी धरून आली की निरोप पाठवा.”

मी तिच्या पोटावर हात ठेवला. तिने ठेवू दिला. आत हलत होतं, जोरात, चांगलं हलत होतं. उठताना तिने माझ्या होडीत केळीचा घड ठेवला, परतीच्या वाटेला भूक लागेल म्हणून.

वल्हवत घरी आले तेव्हा ऊन कलायला आलं होतं. एदिवान धक्क्यावर वाट बघत होता. होडीत केळीचा घड बघितला, त्याच्याशेजारची रिकामी जागा बघितली, आणि होडी बांधायला लागला. घसा सुकला होता. स्वयंपाकघरात मडकं भरलेलं होतं, त्याने सकाळीच ओहोळातून भरून ठेवलं असणार. झाकण काढून उभी राहिले. पाणी स्वच्छ होतं, तळ दिसत होता. मग भांडं बुडवलं आणि प्याले. दुसरं कुठलं पिणार?